छत उघडलंत का?

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार. सेंगकांग, सिंगापूर.

झोप नाही. प्रज्ञाने चांगली खोली दिली आहे, एसी, जाड गादी, सगळं. पण चार महिने गाडीच्या टपावरच्या फळीवर झोपलेल्या माणसाची पाठ या गादीत बुडते. शकू तर खाली चटई टाकून झोपली. सकाळी प्रज्ञाने बघितलं आणि पोरीचं तोंड उतरलं. "आई, निखिलला काय वाटेल?" जावयाला काय वाटायचंय. तो बिचारा घोरत होता.

थकलोय. हाडं थकली आहेत. मलेशियाचा किनारा, थायलंडचे उत्तरेकडचे डोंगर, आणि तोच रस्ता परत. पिकअपच्या हौद्यात बसवलेला आमचा डबा, त्याचं वर उचलायचं छत, पाण्याचे दोन कॅन, एक बॅटरी, टपावर सोलरची पाटी. ना नळ, ना वीज, ना शेजार. रिटायर झालो की हेच करायचं, हा हट्ट माझा. निघताना शकू रडली होती. आ बैल मुझे मार, दुसरं काय.

आमचं मरीन परेडचं घर अजून वर्षभर भाडेकरूकडे आहे, म्हणून लेकीकडे मुक्काम. गाडी कॉजवेच्या, म्हणजे समुद्रावरच्या पुलाच्या पलीकडे, मलेशियात जेबीला, आह सेंगच्या गॅरेजात. मलेशियाचा नंबर, त्यामुळे आपण ती इकडे आणायची नाही असा नियम.

पोचलो त्या दिवशी धो धो पाऊस होता. छताच्या भोवतीचं कापड ओलंचिंब. तसंच दाबून क्लिपा लावल्या. डब्याचा पहिला नियम, ओलं छत मिटायचं नाही, बुरशी धरते. शकू म्हणाली, थांबू या की थोडं. मी म्हणालो, दोन दिवसांत येऊन उघडतो, सुकवतो. मला घरी पोचायचं होतं, मग ते कुणाचंही असो.

१४ फेब्रुवारी, बुध.

पॉलिक्लिनिक. उजवा खांदा. डॉक्टर पोरगी, आपल्या नातीपेक्षा, मैत्रीपेक्षा थोडी मोठी दिसते. हात वर करा म्हणाली. केला, छातीपर्यंत. अजून? अजून नाही. "फ्रोझन शोल्डर, अंकल." वर्ष लागेल म्हणाली, जास्तही. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, हे तिला इंग्रजीत सांगता आलं नाही.

घरी सांगितलं, स्नायू आखडलाय. शकूने हळद-चुन्याचा लेप केला. ऊन ऊन. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१५ फेब्रुवारी, गुरु.

जेबी. दोन बसेस, कॉजवेवर तुंबलेली गर्दी, पासपोर्टवर शिक्का, पुन्हा बस. आह सेंग चिनी नववर्षाच्या गडबडीत, गॅरेज झाडून घेत होता. मला अजून "चीफ" म्हणतो. शिपयार्डात माझ्या हाताखाली वेल्डर होता ना.

चारी कोपऱ्यांच्या क्लिपा सोडल्या. आत वाकून शिरलो. छत उचलायची रीत अशी की वाकून आत उभं राहायचं, दोन्ही तळवे आडव्या पट्टीला लावायचे, आणि गुडघ्यांतून वर यायचं. मागची बाजू आधी, मग पुढची. डावा हात लागला. उजवा खांद्यापर्यंतच जातो. पट्टी चार बोटं उठली आणि माझ्या तोंडातून असा आवाज आला की आह सेंग बाहेरून म्हणाला, "ओके आह, चीफ?" ओके म्हटलं. क्लिपा परत लावल्या. त्याला म्हणालो असतो तर एका मिनिटाचं काम. नाही म्हणवलं.

कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायली आणि परतलो. दारातच शकू. "छत उघडलंत का?"

"हो."

निघून गेलं तोंडातून.

१८ फेब्रुवारी, रवि. चिनी नववर्ष.

शेजारचं कुटुंब संत्री घेऊन आलं. मैत्रीने दोन्ही हातांनी घेतली, दोन्ही हातांनी दुसरी दिली, सगळं त्यांच्या रीतीने. सात वर्षांची आहे, आमच्यापेक्षा जास्त इथली.

आह सेंगचं गॅरेज आठवडाभर बंद. सुटलो. म्हणजे आठवडाभर कोणी विचारणार नाही.

शकूचं डब्यातलं वागणं सुटत नाही. ताट घासते ते तांब्याभर पाण्यात. भाजी धुतलेलं पाणी भांड्यात साठवते, तेच पुढे फरशीला. मैत्री हसून लोटपोट. "आजी, नळ सोड ना! वॉटर गॉट प्लेंटी लाह!" शकू म्हणाली, "असू दे ग, सवय मोडली की पुन्हा लावायला त्रास." 'पुन्हा' हा शब्द मी ऐकला. प्रज्ञानेही ऐकला. तिने माझ्याकडे बघितलं, मी संत्रं सोलायला घेतलं.

२४ फेब्रुवारी, शनि.

ईस्ट कोस्टला सगळे. निखिल आणि मैत्री सायकलवर. आम्ही तिघे वाळूत, मी, शकू आणि विमलताई मेश्राम. विमलताई आमच्या मरीन परेडच्या जुन्या शेजारी, हॉस्पिटलात नर्स होत्या. मेश्रामसाहेब गेल्यापासून एकट्याच. अजून स्वतः गाडी चालवतात, आणि चालवतात ती अशी की शेजारी बसणाऱ्याने पंचशील म्हणून घ्यावं.

शकू त्यांना सांगत होती. नदीकाठी डबा लावला आणि माकडांनी तांदळाची भाकरी तव्यावरून उचलून नेली. तव्यावरून! पै नदीजवळच्या बाईने मला मिरच्या दिल्या, मी तिला लोणचं दिलं, भाषा दोघींना एक नाही, तरी तासभर बोललो. हात हलवून हलवून सांगत होती. विमलताई डोळे मोठे करून ऐकत होत्या. चाळीस वर्षांत ही बाई चारचौघांत इतकं बोललेली मला आठवत नाही.

मग म्हणाली, "एप्रिलात जयंती झाली की निघायचं. या वेळी लाओसला. हो ना हो?"

मी समुद्राकडे बघत म्हणालो, "बघू."

माझ्या आठवणीत काय आहे ते सांगतो. चिखल. चाक रुतलं की फावडं. दुपारी डब्याच्या पत्र्याखाली भट्टी. मुक्कामाची जागा मिळेपर्यंत अंधाराशी शर्यत, मिळाली की सपाट आहे का बघा, पाणी कुठे बघा. रोज. त्याच नदीवर ती माझ्या शेजारी होती, पण ती कुठल्या प्रवासाला गेली होती कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, बुध.

पुन्हा जेबी. पिशवीत गाडीचा जॅक नेला. इंजिनिअर आहे मी, हाताने नाही तर यंत्राने. पेटीवर फळी, फळीवर जॅक, जॅकवर पट्टी. वीतभर उठलं. मग फळी सरकली आणि छत धाडकन खाली. माझं डोकं थोडक्यात वाचलं. आह सेंग धावत आला. म्हटलं, काही नाही, तपासत होतो.

त्या वीतभर फटीतून वास आला. ओल्या गोणपाटासारखा. कळलं काय ते.

सांगायला हवं होतं घरी. येताना मैत्रीसाठी बिस्किटं घेतली.

"छत उघडलंत का?"

"हो हो. छान सुकलंय."

छान हा शब्द जोडायची काय गरज होती?

५ मार्च, सोम.

फिजिओ. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. भिंतीवर पेन्सिलची खूण करतात, आज इथपर्यंत. मागच्या खुणेच्या खालीच राहिलो. पोरगा म्हणतो, "रिलॅक्स, अंकल." रिलॅक्स व्हायलाच तर घरी आलोय.

एक गोष्ट लिहून टाकतो, इथे कोणी वाचत नाही. खांदा बरा झाला तरी मला जायचं नाही. मला आता नळ सोडला की पाणी हवंय. सकाळी उठून आपण कुठे आहोत हे आठवावं लागू नये. खाली कोपीटियमला, म्हणजे कॉफीच्या दुकानात, तोच टेबल, तोच चहा, तोच म्हातारा पेपर वाचणारा. बस्स. चाळीस वर्षं जहाजांच्या पोटात वाकून काढली, वाटलं होतं रिटायर झालो की जग बघू. बघितलं. पुरे झालं.

आणि हे शकूला कुठल्या तोंडाने सांगू? रडत होती, तिला मीच ओढत नेलं. "एकदा ये तर, तुझे डोळे उघडतील" असं म्हणालो होतो. उघडले ना. आता मिटा म्हणू?

१० मार्च, शनि.

शकूचे सांडगे. कोहळ्याचे, मुगाचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटंच ताटं. वाटेत भाजी मिळत नाही तेव्हा हेच कामाला येतात म्हणे. मेथी सुकवली, कांदा सुकवला. प्रज्ञाच्या डायनिंग टेबलावर नकाशा, चार कोपऱ्यांवर चार डबे. लाओसवर पेन्सिलने रेघ.

निखिल साधा मुलगा. जेवताना म्हणाला, "बाबा, एप्रिलमध्ये नक्की कधी निघणार? म्हणजे मैत्रीच्या सुट्टीचं बघता येईल." पोटात काही नव्हतं त्याच्या. मी मात्र हात धुवायला उठलो. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, आपली माणसं हे आधी बघतात. इकडे आड तिकडे विहीर.

प्रज्ञा भांडी पुसताना हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच जायचंय ना परत?" म्हटलं, "तुझ्या आईला विचार."

"आईला विचारलं. ती म्हणते बाबांना विचार."

१७ मार्च, शनि.

आज सकाळी शकू पर्स घेऊन दारात उभी. "मीही येते जेबीला."

"कशाला? उगाच दगदग."

"गाडी बघून महिना झाला."

बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीकडे बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. कॉजवेवर रांगेत म्हणालो, "अग, तिकडे दमट हवा फार, कापडाला थोडा वास..." ती म्हणाली, "बघू की."

चारही क्लिपा तिने काढल्या. चपला बाहेर काढून आत वाकून शिरली, साडीचा पदर खोचून. मी बाहेर. एकदा "हं" म्हणाली आणि छत वर गेलं. मागची बाजू, मग पुढची. एकटीने. साठीची बाई.

मग मी डोकं घातलं. पिवळं कापड होतं ना ते, पूर्ण काळे ठिपके. शिवणीपाशी तर दाट, गोवर आल्यासारखं. गादीची एक कड भिजून काळी. तिने बोट लावलं, बोट बघितलं, पदराला पुसलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

बाहेर येऊन आह सेंगला म्हणाली, "स्क्रू ड्रायव्हर, प्लीज."

दोघांनी मिळून कडेच्या पट्ट्या सोडल्या, कापड उतरवलं. मी स्क्रू डबीत गोळा केले. कापड तांदळाच्या दोन गोण्यांत भरलं. कॉजवेवर इमिग्रेशनच्या पुढे तपासणीला थांबवलं. "व्हॉट्स दिस, आंटी?"

शकू म्हणाली, "रूफ."

तो पोरगा हसला. आम्ही नाही हसलो.

१८ मार्च, रवि.

घरभर व्हिनेगरचा वास. न्हाणीघरात ती आणि ब्रश. घासतेय, घासतेय. मी म्हटलं मी घासतो, डावा हात चांगला आहे. म्हणाली, "बसा तुम्ही."

दुपारी कापड बांबूंवर घातलं, इथे खिडकीबाहेर कपड्यांचे बांबू असतात ना, त्यांवर. तीन बांबू लागले. बाराव्या मजल्यावरून आमचं छत लोंबतंय. खालच्या मजल्यावरची आंटी वर आली, ठिबकतंय म्हणून भांडायला. शकूने तिला बसवलं, चहा दिला, सांडगे तळून दिले. जाताना आंटी म्हणाली, "नेव्हर माइंड, यू ड्राय, यू ड्राय."

मग आम्ही दोघेच. टीव्ही बंद केला तिने.

"मला माहीत होतं," म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. छत उघडून सुकवून आलेल्या माणसाच्या शर्टाला वास असतो हो. गॅसचा, तेलाचा, त्या गादीचा. तुमच्या शर्टाला नुसता कोपीचा वास."

"मग बोलली काहून नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं आज सांगतील. उद्या सांगतील. कापड सडलं तरी चालेल, पण हे स्वतःहून सांगतील."

मी आंटीचा कप उचलायला घेतला.

"खांदा उठत नाही हे मला काय दिसत नाही? शर्ट कसा घालता ते रोज बघते मी. उठत नाही म्हणाला असतात तर मी उचललं असतं. एवढंसं तर आहे." मग म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही घरी यायचात, जेवायचात, झोपायचात. मी तक्रार नाही केली, यार्डात काम असायचंच तसं. पण त्या डब्यात जायला जागा नव्हती तुम्हाला कुठे. तिथे तुम्ही बोलायचात माझ्याशी. तुमच्या आईचं सांगितलंत, नागपूरच्या हॉस्टेलचं सांगितलंत. मला आधी काहीच माहीत नव्हतं त्यातलं. इथे आलो आणि पुन्हा तोंडाला कुलूप. वरून खोटं."

मला तिच्यासमोर रडू आलं. या वयात. ती उठून कापड उलटं करायला गेली.

२१ मार्च, बुध.

बोललो शेवटी. कोपीटियमला, चहावर. घरात जमलं नसतं.

"शकू, मी दमलोय. मला नाही जायचं परत. खांद्याचं निमित्त आहे. नसता दुखत तरी नसतो गेलो."

ती चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, "एवढं म्हणायला किती दिवस लावलेत." रागाने नाही. "दमलो म्हणायला काय पैसे पडतात?"

वाटलं सुटलो. इतकं हलकं वाटलं की आणखी एक काया टोस्ट, नारळाच्या जॅमचा, मागवला. तो येईपर्यंत ती म्हणाली, "तुम्ही राहा. आराम करा. मी जाते."

"म्हणजे?"

"विमलताई येतात म्हणाल्या. त्या चालवतील, मी बाकीचं बघेन. पावसाच्या आधी दोन महिने."

"अग, दोन बायका? जंगलात?"

"तुम्ही होतात तेव्हा जंगलात माकडं कमी होती का?"

टोस्ट आला. तसाच राहिला.

२३ मार्च, शुक्र.

घरात युद्ध. प्रज्ञा कडाडली. "आई, तू वेडी झालीस का? रस्त्यात काही झालं तर? बाबा, तुम्ही सांगा ना तिला!"

शकू शांतपणे लसूण सोलतेय. "बाबांनी सांगितलं तेव्हा गेले. आता मी सांगतेय तर कुणाला ऐकायला नको."

मैत्री म्हणाली, "आजी ड्रायव्हिंग द डबा? वा लाउ! सो शिओक!" म्हणजे भारीच मजा. तिला आत पाठवलं.

प्रज्ञा माझ्यावरच उलटली. "तुम्हीच तिला हे वेड लावलंत." बरोबर आहे. आपलंच वाळूत पेरलेलं, आणि उगवलं. "नको जाऊस" म्हणायचा हक्क राहिला नाही, आणि "जा" म्हणायची जीभ रेटत नाही. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी औषध घ्यायला उठलो.

२९ मार्च, गुरु.

घरी मी एकटा. शकू आणि विमलताई खरेदीला. कापडावर डाग राहिलेत, फिकट, पण वास गेला. शकूने शिवणीवर नवीन पट्ट्या शिवल्या, काल दिवसभर. आज शेवटचं ऊन म्हणून बांबूंवर.

दुपारी आभाळ भरून आलं. इथे पाऊस विचारून येत नाही. टपोरे थेंब. मी खुर्चीत होतो. खोटं लिहीत नाही, मी बसूनच होतो थोडा वेळ. भिजलं तर पुन्हा काळं पडेल. नवीन कापड शिवून घ्यायला वेळ लागेल. मग पावसाळा. मग पुढच्या वर्षी बघू. सगळं सोपं होतं. मला फक्त बसून राहायचं होतं.

उठलो. बांबू खिडकीतून आत ओढायचा म्हणजे दोन्ही हात हवेत, आणि कापडाने जड झालेला. पहिला डाव्या हाताने आला. दुसऱ्याला उजवा लावावा लागला. ओरडलो, घरात कोणी नव्हतं ते बरं. तिसरा कसा आला आठवत नाही. कापड पुसलं, पंखे लावले, खुर्च्यांवर पसरलं, बसलो फरशीवर.

शकू आली. पिशव्या ठेवल्या. कापडाला हात लावून बघितलं, वरून, आतून. माझ्याकडे बघितलं. चुना-हळद गरम करायला ठेवली.

३१ मार्च, शनि.

जेबी. कापड परत बसवलं, शकू, आह सेंग, मी. मला दोन दिवस एक कल्पना छळत होती, ती आह सेंगला कागदावर काढून दिली. गाडीच्या मागच्या दाराला असतात ना गॅसच्या दांड्या, दार आपोआप वर धरतात, तशा दोन पुढे, दोन मागे. वजनाचा हिशेब मांडला. तो म्हणाला, "चीफ, व्हाय नॉट डू धिस बिफोर?" खरंच. आधी का नाही केलं. तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते म्हणून.

७ एप्रिल, शनि.

दांड्या बसल्या. शकूने क्लिपा सोडल्या, एका हाताने छताला धक्का दिला, छत उठलं आणि तिथेच थांबलं. विमलताईंनी करून बघितलं. त्यांनाही जमलं. मग दोघींनी चार-पाचदा उघडलं, मिटलं, पोरींसारख्या हसत होत्या. आह सेंगने टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या, डावा हात उजव्यावर. हिशेब चोख उतरला होता. आता या डब्याला दुसऱ्या माणसाची गरज नाही. मीच तशी सोय करून दिली. बसमध्ये शकू झोपली, डोकं माझ्या चांगल्या खांद्यावर.

१४ एप्रिल, शनि. जयंती.

ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोचा हॉल. आपली पंधरा-वीस घरं. वंदना, पोरांची भाषणं, मैत्रीचं इंग्रजीत, तिला पाठ होतं. मग पुरी-भाजी आणि खीर.

बातमी पसरलेली. बायका शकूभोवती. पुरुष माझ्याभोवती. "वहिनी एकट्या चालल्या म्हणे?" "तुम्ही कसं हो म्हणालात?" एक पुण्याचा तरुण इंजिनिअर, नवाच आलाय, हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही ग्रेट आहात, तुम्ही त्यांना पाठवताय." मी म्हटलं, बाबा रे, मी कुणाला पाठवत नाहीये. ती चाललीये. त्याला कळलं नाही.

घरी येताना एमआरटी मेट्रोत शकू म्हणाली, "जेवणाचं प्रज्ञाला सांगितलंय. फिजिओ बुडवू नका." मी हो म्हटलं. मग म्हणाली, "आणि प्रज्ञाशी बोला जरा. तिला वाटतं तुमचा तिच्यावर राग आहे." राग? कशाचा राग?

"मग तेच सांगा तिला," शकू म्हणाली.

१९ एप्रिल, गुरु.

सांगितलं प्रज्ञाला. जमलं थोडंफार. रडली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी बोलतच नाही ना." मायलेकींनी एकच वाक्य पाठ केलंय.

शकूच्या सामानाची बांधाबांध. सांडगे, मेथी, लोणचं, औषधं. चटई गुंडाळून ठेवली. खोली मोठी झाली एकदम. मी गादीवर बसून बघत होतो. उद्यापासून गादी पूर्ण माझी, एसी माझा, नळ माझा. हेच मागितलं होतं.

२१ एप्रिल, शनि. जेबी. आह सेंगचं गॅरेज.

इथे बाकावर बसून लिहितोय. निरोप द्यायला आलो. पासपोर्ट खिशात, तो कॉजवेला लागतोच. खांद्याच्या गोळ्याही खिशात, त्या कुठेही लागतात. दुसरं काही नाही, अंगावरचे कपडे.

विमलताई पुढे चाक धरून बसल्यात, आरसे सारखे करतायत. पाण्याचे कॅन भरले. शकूने आत सगळं जागच्या जागी लावलं, छत अजून वर होतं. खिडकीच्या जाळीतून म्हणाली, "अहो, तुमची उशी इथेच राहिलीय."

खरंच. झोपायच्या फळीवर दोन उशा. आम्ही फेब्रुवारीत सगळं उतरवलं, माझी उशी तेवढी राहिली. तिने खोळ धुऊन आणलेली दिसली, पांढरी.

खाली उतरली. म्हणाली, "हवी तर आत्ताच काढून घ्या. एकदा छत मिटलं की फळीवरचं काही हाताला लागत नाही. थेट मुक्कामालाच." आणि ती आह सेंगला त्याच्या बायकोसाठी आणलेलं लोणचं द्यायला गेली. मागे वळून बघितलं नाही. तिकडून ओरडली, "आणि छत मिटाल का तेवढं? कापड कोरडं आहे का बघून!"

मी आत शिरलो. कापडाला हात लावला, चारही बाजूंनी. कोरडं. ठणठणीत कोरडं. उशी हातात घेतली. थोडा वेळ तसाच वाकून उभा होतो.

मग बाहेर आलो आणि छत खाली ओढलं. डाव्या हाताने आलं. चारही क्लिपा लावल्या.

"कोरडं होतं का?" शकूने विचारलं.

"हो," म्हणालो. या वेळी खरं.

उशी आतच आहे, पासपोर्ट माझ्या खिशात. शकू येतेय इकडे.